धूर गेला कुठे?

उदबत्ती लावताना आपण एक गोष्ट न चुकता करतो. काडी ओढून उदबत्तीचे टोक पेटवतो, क्षणभर ज्योत धरू देतो आणि मग हाताने वारा घालून ती ज्योत विझवतो. ज्योत विझली की मगच धुराची रेघ वर चढू लागते आणि सुवास दरवळतो. ज्योत तशीच ठेवली तर काय होईल? उदबत्ती भराभर जळेल, उजेड देईल. पण धूर फारसा होणार नाही आणि सुवासही येणार नाही. असे का, हा प्रश्न आपण वर्गात क्वचितच विचारतो. या लेखात ज्या यंत्राची ओळख करून घ्यायची आहे, त्याचे सारे कोडे या साध्या अनुभवात आहे.

आमचे एक शिक्षक-मित्र अनेक वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि काही महिन्यांसाठी मुलीकडे अमेरिकेला गेले. जावयांनी घरामागच्या अंगणात नवी 'पेलेट ग्रिल' आणून ठेवली होती. लाकडावर भाजलेल्या अन्नाची चव आणि तीही बटण दाबून, असे तिचे आकर्षण. पहिल्याच रविवारी तिच्यात कोंबडीचे तुकडे आणि भरताची वांगी भाजली. सगळे नीट शिजले, कुठे करपले नाही. पण धुराचा वास मात्र जवळजवळ नाही. "बाबा, तुम्ही रसायनशास्त्र शिकवलंत ना? मग सांगा, एवढं लाकूड जळलं, तर धूर गेला कुठे?" असे मुलीने विचारले. मित्रांनी तोच प्रश्न आमच्याकडे पाठवला. उत्तर शोधताना आम्हांला असे दिसले, की नववी-दहावीच्या पुस्तकातील पूर्ण व अपूर्ण ज्वलनाचा धडा येथे जसाच्या तसा उपयोगी पडतो. आणि त्या धड्याच्या दुसऱ्या टोकाला आपल्याकडची चूल आहे.

यंत्राची ओळख

प्रथम इंधन पाहू. पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या. खडूपेक्षा बारीक, सुमारे ६ मिलिमीटर व्यासाच्या आणि एक-दोन पेरे लांबीच्या. कोरडा भुसा पोलादी साच्याच्या भोकांतून प्रचंड दाबाने ढकलला जातो. घर्षणाने तो तापतो, लाकडातील लिग्निन हा पदार्थ मऊ होतो आणि थंड झाल्यावर भुशाला घट्ट धरून ठेवतो. वेगळा डिंक सहसा लागत नाही. आपल्याकडे शेतातील काडीकचरा दाबून केलेला जो 'पांढरा कोळसा' कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जाळतात, त्याचेच हे धाकटे भावंड. पेलेट पाण्यात टाकली तर थोड्याच वेळात फुगून पुन्हा भुसा होते.

१९७०च्या दशकातील तेलटंचाईनंतर अमेरिकेत घरे उबदार ठेवण्यासाठी अशा पेलेटच्या शेगड्या आल्या. ओरेगन राज्यातील माउंट एंजल या गावी जो ट्रेगर यांनी तेच तंत्र अन्न भाजण्यासाठी वापरले आणि १९८६ साली त्याचे एकस्व मिळवले. ते २००६ साली संपल्यावर इतर कारखानदारही या धंद्यात उतरले.

या ग्रिलची रचना सोपी आहे. एका बाजूला पेलेट भरण्याची पेटी असते, पिठाच्या गिरणीवर धान्य ओततात तशी. पेटीच्या तळाशी मळसूत्री दांडा असतो. विजेच्या मोटरीने तो फिरला की त्याच्या आट्यांमधून पेलेट पुढे सरकतात आणि वाटीएवढ्या पोलादी जळणपात्रात पडतात. तेथे विजेने लाल होणारी एक कांडी त्यांना पेटवते. शेजारचा पंखा जळणपात्राच्या भोकांतून सतत हवा पुरवतो. आगीच्या वर जाड पोलादी पत्रा असतो, त्यावर चरबी वाहून जाण्यासाठी दुसरा तिरपा पत्रा आणि त्याच्यावर जाळी. अन्न जाळीवर ठेवून झाकण लावायचे. आतील तापमापक नियंत्रकाला तापमान कळवतो. ते कमी झाले तर नियंत्रक दांडा जास्त वेळ फिरवतो, वाढले तर कमी वेळ.

थोडक्यात, ही लाकडावर चालणारी भट्टी आहे. तिचे तापमान ठरवता येते, तिच्यापाशी बसून लाकडे सारावी लागत नाहीत. हा तिचा गुण. आणि धूर कमी, हा दोषही त्याच गुणातून निघतो.

लाकूड जळते म्हणजे नेमके काय होते?

'लाकूड जळते' असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात घन लाकूड सरळ पेट घेत नाही. त्याला उष्णता मिळाली की आधी त्यातील पाणी निघून जाते. मग सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यातील मोठे रेणू तुटू लागतात. यास औष्णिक अपघटन म्हणतात. तुटलेले लहान रेणू वायू व बाष्पाच्या रूपात बाहेर पडतात. मागे कोळसा उरतो. या बाहेर पडलेल्या वायूंना भरपूर ऑक्सिजन आणि भरपूर उष्णता एकाच वेळी मिळाली तर ते ज्योतीने जळतात. त्यांचे शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. हे पूर्ण ज्वलन. हवा अपुरी पडली किंवा वायू लवकर थंड झाले तर ते न जळताच निसटतात. थंड होताना त्यांतील बाष्पे सूक्ष्म थेंबांत गोठतात आणि आपल्याला धूर दिसतो.

म्हणजे धूर हे बव्हंशी न जळलेले इंधन आहे. यावर विद्यार्थ्यांचा विश्वास बसत नाही. त्यांना मेणबत्तीचा प्रयोग दाखवावा. वारा नसलेल्या जागी मेणबत्ती थोडा वेळ जळू द्या व मग फुंकर घाला. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ निघेल. लगेच पेटती काडी वातीला न लावता, दोन-तीन सेंटिमीटर वर त्या रेघेत धरा. ज्योत धुरावरून खाली धावते आणि वात पुन्हा पेटते.

उदबत्तीचे कोडेही आता सुटते. ज्योत असताना सुगंधी बाष्पे ज्योतीतच जळून जातात. ज्योत विझवली की टोकाचा निखारा मसाल्याला तापवत राहतो, बाष्पे सुटतात, पण जळत नाहीत. ती आपल्या नाकापर्यंत पोहोचतात.

पेलेट ग्रिलमध्ये काय होते? इंधन कोरडे, बारीक आणि एकसारखे, त्यात पंख्याची भरपूर हवा. उत्तम ज्वलनाला लागणारे सारे काही तेथे आहे. सुटलेली बाष्पे जळणपात्रातच जळून जातात. चवीचे रेणूही त्यांच्याबरोबर जातात. मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे: धूर कुठे गेला नाही, तो जळून गेला. ज्योत न विझवलेली उदबत्ती लावून आपण सुवासाची वाट पाहत होतो.

चव कुठून येते?

लाकडात मुख्यतः तीन पदार्थ असतात. सेल्युलोज सुमारे ४० ते ४५ टक्के. उरलेल्यात हेमिसेल्युलोज आणि लिग्निन, प्रत्येकी साधारण २० ते ३० टक्के. पहिले दोन साखरेच्या रेणूंच्या साखळ्या आहेत. तापल्यावर त्यांतून अॅसेटिक आम्ल आणि अनेक कार्बोनिल संयुगे निघतात. कार्बोनिल संयुगे अन्नातील प्रथिनांशी संयोग पावून तपकिरी-सोनेरी रंग देतात. धुरावर भाजलेल्या पदार्थाचा रंग बराचसा यातून येतो.

ज्याला आपण 'धुराचा वास' म्हणतो, तो मुख्यतः लिग्निनची देणगी आहे. लिग्निनच्या रचनेत बेंझीनची कडी असतात. ती तुटताना फिनॉल गटातील संयुगे सुटतात. त्यांत ग्वायाकोल आणि सिरिंगोल ही दोन महत्त्वाची. पाण्याच्या अब्ज भागांत ग्वायाकोलचे काही थोडे भाग असले तरी माणसाचे नाक ते ओळखते. लवंगेतील युजेनॉल आणि व्हॅनिलाच्या शेंगेतील व्हॅनिलिन हे दोन्ही ग्वायाकोलचेच जवळचे नातेवाईक आहेत. ग्वायाकोलच्या रेणूला एक छोटी शेपटी जोडली की लवंग, दुसरी जोडली की व्हॅनिला. चांगल्या धुराला कधीकधी मसाल्याचा व गोडसर वास येतो तो या नात्यामुळे.

लाकडाची निवडही येथे समजते. ओक, हिकरी, सफरचंद, चेरी अशा रुंद पानांच्या झाडांच्या लिग्निनमधून ग्वायाकोल व सिरिंगोल दोन्ही मिळतात. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांच्या लिग्निनमधून सिरिंगोल जवळजवळ मिळत नाही. शिवाय त्यांच्या लाकडात राळ असते, तिची काजळी धरते आणि चव कडवट होते. म्हणून घर तापवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या पेलेट अन्नासाठी कधीही वापरू नयेत. अन्नासाठीच्या पेलेट घेतानाही पिशवीवरचा मजकूर वाचावा. एका लाकडाचे नाव मोठ्या अक्षरांत असते, पण आत बराचसा भुसा दुसऱ्याच लाकडाचा असू शकतो.

निळा धूर, पांढरा धूर

अमेरिकेतील जुने जाणते भाजणारे 'पातळ निळा धूर हवा, दाट पांढरा नको' असे सांगतात. हा नियम त्यांनी अनुभवाने बसवला. भौतिकशास्त्र त्याला दुजोरा देते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते. धुराचे कण याहून बरेच लहान असले तर ते निळा प्रकाश अधिक विखुरतात. आकाश निळे दिसते त्याच कारणाने तो धूर निळसर दिसतो. कण तरंगलांबीएवढे किंवा मोठे झाले की सर्व रंग सारखेच विखुरले जातात आणि धूर ढगासारखा पांढरा दिसतो. काळा धूर म्हणजे काजळीचे, कार्बनचे कण. ते प्रकाश शोषून घेतात.

आग गुदमरली, लाकूड ओले असले की बाष्पे थंड होऊन मोठे थेंब बनतात. त्यांत डांबरासारखी जड संयुगे जास्त असतात. असा दाट पांढरा धूर तासभर अन्नावर बसला तर जीभ आंबट-कडू होते. ग्रिल पेटवताना पहिली काही मिनिटे असाच धूर निघतो. ती वेळ जाऊ द्यावी आणि मग अन्न आत ठेवावे. आपल्याला हवा तो धूर मधल्या स्थितीतला: बाष्पे पूर्ण जळू नयेत, पण आग गुदमरूही नये.

धूर वाढवायचा कसा?

आता मित्रांच्या जावयांना आम्ही काय कळवले ते सांगतो. प्रत्येक उपायामागचे कारण विद्यार्थ्यांकडून काढून घेता येईल.

पहिला उपाय, तापमान कमी ठेवणे. ग्रिल २०० अंशांवर ठेवली तर दांडा जवळजवळ सतत फिरतो, ज्योत मोठी व सलग राहते आणि धूर जळून जातो. १०५ ते १२० अंशांवर ठेवली तर दांडा थांबून-थांबून फिरतो. जळणपात्रात निखारे राहतात. नव्या पेलेट त्यांवर पडल्या की ज्योत धरण्याआधी थोडा वेळ धुमसतात, आणि त्या वेळात धूर सुटतो. म्हणून आरंभी दीड-दोन तास कमी तापमान आणि शेवटी पदार्थ पुरता शिजवण्यासाठी तापमान वाढवणे, हा क्रम चांगला. काही ग्रिलमध्ये यासाठी 'धूर' नावाची वेगळी खूण असते. तापमान थोडे वरखाली होऊ देऊन धुमसण्याला वाव देणे, एवढेच तिचे काम. तापमान काटेकोर एकसारखे राखणारे नवे नियंत्रक याउलट आग फार स्वच्छ ठेवतात.

दुसरा उपाय, धुराची नळी. भोके पाडलेली पोलादी नळी पेलेटनी भरायची, एक टोक पेटवून काही मिनिटांनी ज्योत फुंकून विझवायची आणि नळी जाळीवर आडवी ठेवायची. आतल्या पेलेटना भोकांतून जेमतेम हवा मिळते. त्या ज्योत न धरता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काही तास धुमसत राहतात. मुख्य आग उष्णता देते, नळी धूर देते. दोन कामे दोन आगींना वाटून दिली की अडचण सुटते. ही नळी म्हणजे चक्क मोठी उदबत्ती.

तिसरा उपाय अन्नाच्या बाजूने आहे आणि तोच आम्हांला सर्वांत उद्बोधक वाटतो. धूर निर्माण होणे वेगळे आणि तो अन्नावर बसणे वेगळे. वाफेच्या भांड्यावर थंड ताटली धरली की पाणी जमते, गरम ताटलीवर जमत नाही. धुरातील बाष्पांचेही तसेच. शिवाय वायूत तरंगणारे सूक्ष्म कण गरम बाजूकडून थंड बाजूकडे ढकलले जातात. कारण गरम बाजूचे वायुरेणू अधिक वेगाने त्यांना धडका देतात. आणि धुरातील आम्ले, फिनॉले व कार्बोनिल संयुगे ओल्या थरात विरघळतात, कोरड्या थरावरून निसटतात. म्हणून अन्न शीतपेटीतून काढून थेट ग्रिलमध्ये ठेवावे. आधी खोलीत ठेवून कोमट करू नये. तासा-तासाने त्यावर पाण्याचा किंचित हबका मारावा किंवा आत पाण्याचे उथळ भांडे ठेवावे. मात्र झाकण वारंवार उघडू नये. दर वेळी धूर आणि उष्णता दोन्ही निघून जातात.

चौथा उपाय गणिताचा. धूर पृष्ठभागावर बसतो, आत फारसा शिरत नाही. एकाच वजनाच्या पदार्थाचे लहान तुकडे केले की पृष्ठफळ वाढते. १० सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच ५ सेंटिमीटर बाजूचे आठ घन केले की एकूण पृष्ठफळ १२०० होते. वांगे आख्खे ठेवले तर सालीवर बसलेला धूर सालीबरोबर फेकला जातो. उभे चिरून गर उघडा ठेवला तर धूर गराला लागतो.

याशिवाय पेलेट कोरड्या डब्यात ठेवणे आणि जळणपात्रातील राख व पत्र्यावरील चरबी साफ करणे ही नेहमीची देखभाल. दमट पेलेट फुगून दांडा अडकवतात आणि साठलेली चरबी पेट घेऊ शकते.

गुलाबी कडा फसवी असते

धुरावर संथ भाजलेले मांस कापले की बाहेरच्या कडेला गुलाबी पट्टा दिसतो. पुष्कळांना तो धुराच्या चवीचा पुरावा वाटतो. तसे नाही. ज्वलनात थोडा नायट्रिक ऑक्साइड व कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हे वायू मांसाच्या ओल्या थरात शिरून तेथील मायोग्लोबिन या लाल रंगद्रव्याशी जोडले जातात. मग शिजल्यावरही तो थर तपकिरी न होता गुलाबी राहतो. या वायूंना चव नसते. पेलेट ग्रिलमध्ये धूर कमी असूनही असा पट्टा छान येतो. रंगावरून चवीचे अनुमान काढू नये, हा धडा यात आहे.

वर्गात करून पाहा

१. कोरड्या परीक्षानळीत भुसा भरा. तोंडाला बूच व त्यातून वाकडी काचनळी बसवा. नळी किंचित खाली झुकवून बर्नरने तापवा. काचनळीतून येणारा धूर थंड पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या परीक्षानळीत सोडा. तेथे तपकिरी द्रव जमेल. त्यात निळा लिटमस तांबडा होतो, कारण त्यात अॅसेटिक आम्ल आहे. न जमलेला वायू पेटवून दाखवता येतो. मागे कोळसा उरतो. मिथेनॉलला 'काष्ठ अल्कोहोल' हे नाव का पडले, तेही येथे सांगता येईल. पूर्वी ते अशाच द्रवातून मिळवीत. हा द्रव कोणीही चाखू नये. प्रयोग शिक्षकांनी स्वतः, खिडक्या उघड्या ठेवून करावा.

२. दोन सारखे स्टीलचे पेले घ्या. एकात बर्फाचे पाणी, दुसऱ्यात कढत पाणी भरा. दोन्हींना ओला पांढरा टीपकागद गुंडाळा. धुमसणाऱ्या भुशाच्या धुरात दोन्ही सारखाच वेळ धरा. कोणत्या कागदावर डाग गडद पडला? तिसरा पेला बर्फाचा, पण कागद कोरडा, असाही घेऊन पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा नियम मुलांकडूनच वदवून घ्यावा.

३. उदबत्तीच्या धुराची रेघ काळ्या कापडापुढे पाहा. ती निळसर दिसेल. मग उन्हाच्या कवडशाकडे तोंड करून त्याच धुरातून येणारा प्रकाश पाहा. तो पिवळसर वाटेल. मात्र थेट सूर्याकडे पाहू देऊ नये.

धुराची दुसरी बाजू

येथवर आपण धूर कसा मिळवावा हे पाहिले. आता तो किती असावा हे पाहिले पाहिजे.

धुरातील फिनॉले, आम्ले व फॉर्माल्डिहाइड जंतूंना आवर घालतात. मीठ आणि वाळवण यांच्या जोडीने धुराने अन्न टिकवण्याची पद्धत म्हणूनच जगभर पडली. आपल्या मसाल्याच्या डब्यातील मोठी वेलची सिक्कीमकडे भट्टीच्या धुरावर वाळवतात. तिचा धुरकट वास तेथला. खेड्यात चुलीच्या वर बियाण्याची कणसे टांगतात, त्यांना कीड लागत नाही. पण जे कीड-जंतूंना मारते, ते आपल्याला पूर्ण निरुपद्रवी असेल असे मानायचे कारण नाही.

लाकूड किंवा चरबी जास्त तापमानाला, अपुऱ्या हवेत जळली की बेंझीनची अनेक कडी एकमेकांना चिकटलेले रेणू तयार होतात. त्यांना बहुचक्रीय हायड्रोकार्बन म्हणतात. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या व्यवसायाचा आणि पुढे त्यांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध दाखवून दिला. पुढे दीडशे वर्षांनी डांबरातून बेंझोपायरीन वेगळे केले गेले आणि दोषी रेणूंपैकी एक सापडला. माणसात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ म्हणून आज त्याची नोंद आहे. युरोपीय संघाने धुरवलेल्या मांसात त्याची मर्यादा २०१४पासून किलोमागे २ मायक्रोग्रॅम केली. धुराचा अर्क काढून बाटलीत विकतात, अशा आठ अर्कांची परवानगी पुढे चालू न ठेवण्याचा निर्णयही तेथे २०२४ साली झाला.

या दृष्टीने पेलेट ग्रिलचा पत्रा उपयोगी आहे. चरबी सरळ निखाऱ्यावर पडत नाही, त्यामुळे तिच्या धुरातून येणारी बेंझोपायरीनसारखी संयुगे कमी होतात. तरी करपलेला भाग काढून टाकावा, दाट धूर टाळावा आणि असे अन्न रोजचे न करता अधूनमधून खावे, हे शहाणपणाचे. दुसरा धोका तात्काळ जीव घेणारा आहे. धुमसणाऱ्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. कोणतीही लाकडाची वा कोळशाची शेगडी बंद खोलीत, गॅरेजमध्ये, पावसाळ्यातही वापरू नये.

आणि आता चूल. आज महामार्गावरच्या पाट्यांवर 'चुलीवरचे मटण' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. झाकण ठेवलेल्या पातेल्यात धूर किती शिरत असेल, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा. आगीशी थेट संबंध येतो तो निखाऱ्याला लावून फुगवलेल्या भाकरीचा, राखेत भाजलेल्या वांग्याचा, आगटीतल्या हुरड्याचा. पातेल्यातल्या रश्श्याची चव बरीचशी संथ आचेची आणि वाटणाची असते. धूर जातो तो चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत. घरातील इंधनाच्या धुराने जगात २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ही माणसे धुराची चव घेत नव्हती, तो धूर त्यांच्या श्वासात होता.

म्हणूनच आपल्याकडील संशोधकांनी धूर घालवण्यासाठी परिश्रम घेतले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कामावर आधारलेली, पंखा असलेली पेलेटची 'ऊर्जा' शेगडी २००६च्या सुमारास महाराष्ट्रात व कर्नाटकात आली. पुढे २०१६ साली उज्ज्वला योजनेतून स्वयंपाकाचा वायू खेड्यांत पोहोचू लागला. गंमत अशी, की त्या शेगडीचे आणि अमेरिकन ग्रिलचे तत्त्व एकच आहे: कोरड्या कांड्या आणि पंख्याची हवा. एका ठिकाणी धूर जळून गेला म्हणून समाधान, दुसऱ्या ठिकाणी त्याच कारणाने तक्रार! विज्ञान तेच, आपल्याला काय हवे आहे, त्यावर गुण आणि दोष ठरतात.

आमच्या मित्रांनी पुढच्या रविवारी वांगी उभी चिरून, गार आणि ओली करून, धुराच्या नळीशेजारी ११० अंशांवर तासभर ठेवली आणि मग आच वाढवून भाजून घेतली. भरीत जमले, असे त्यांनी कळवले. त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली: "त्या वासाने मला आई आठवली आणि तिचा खोकलाही." तिच्या स्वयंपाकघराला धुराडे नव्हते.

विद्यार्थ्यांसाठी शेवटी एक प्रश्न ठेवतो. आपल्याकडे वाटीत पेटता निखारा ठेवून त्यावर तूप सोडतात आणि वर झाकण ठेवून पदार्थाला धूर देतात. निखाऱ्यात लिग्निन जवळजवळ उरलेले नसते. मग त्या धुराची चव कशाची? आणि झाकण पटकन का ठेवायचे? मेणबत्तीचा प्रयोग आठवला तर दोन्ही उत्तरे सापडतील.